खंडोजींचं पित्त

मालनबाईंनी तळहातावर एरंडेल ओतून घेतलं, दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि खंडोजींच्या टाळूवर थापलं. खंडोजी परसातल्या धुण्याच्या दगडावर बसले होते. डोकं उघडं, अंगात स्वेटर, मांडीवर शाल आणि पायांत लोकरीचे मोजे. बेंगळुरातल्या येलहंक्याचं जानेवारीतलं ऊन अजून कुंपणाच्या भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं. तेल लागलं तशी त्यांच्या खांद्यांतून शिरशिरी गेली.

"गार लागतंय?" मालनबाईंनी विचारलं.

"लागू दे. आत किती पेटलंय ते तुला काय कळणार," खंडोजी म्हणाले आणि त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

स्वयंपाकघराच्या दारात स्मृती कॉफीचा पेला धरून उभी होती. ती पुण्याची. अभिराजशी लग्न करून या घरात आली त्याला फार काळ झाला नव्हता. तिचं ऑफिस इंदिरानगरला होतं, पण बहुतेक दिवस ती माडीवरच्या खोलीतून काम करायची, आणि मधल्या वेळात खाली येऊन घरातल्या गोष्टी नवलानं पाहायची. आज तिला राहवलं नाही.

"आई, बाबांना थंडी वाजतेय. मग त्यांना थंडावा कशाला देताय?"

मालनबाई हसल्या. पण हात टाळूवरच थांबला. हा प्रश्न या घरात कधी कुणी विचारला नव्हता.

खंडोजींची प्रकृती उष्ण, हे घराच्या नंबरासारखं ठरलेलं होतं. लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. तीळ, हुरळी म्हणजे कुळीथ, सुंठ, मोहरीची फोडणी, वांगं, लोणचं, सगळ्याला मनाई. दुधी, पडवळ, कोहळा, मुगाची कोसंबरी, पातळ ताक आणि भिजवलेला सब्जा यांवर घर चालत होतं. नातेवाईक जेवायला बोलावताना आधी मालनबाईंना फोन करून विचारत, की अण्णांना काय चालेल. खंडोजी स्वतः नवीन माणसाला नाव सांगितल्यावर दुसरं वाक्य तेच बोलत, "आपली प्रकृती उष्ण."

हे सुरू झालं होतं लग्नाच्या पहिल्या वर्षात. खंडोजी तेव्हा कारखान्याच्या टूलरूममध्ये होते आणि संध्याकाळी घरी आले की कशावरूनही भडकत. भात मऊ झाला, सायकलला कुणी हात लावला, धाकट्या भावानं रेडिओ मोठा ठेवला. एकदा त्यांनी जेवणाचं ताट उचलून अंगणात टाकलं, तेव्हा नवी सून म्हणून आलेल्या मालननं ते उचलायला नकार दिला. ज्यानं टाकलं त्यानं उचलावं, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. त्या दिवशी दोघांचे आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. दुसऱ्या दिवशी सासूबाई दोघांना घेऊन दोड्डबळ्ळापूरच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या पंडितांकडे गेल्या. पंडितांनी खंडोजींचा हात धरला, डोळे मिटले आणि सांगितलं, पित्त आहे, उष्ण शरीर आहे, या मुलाचा दोष नाही. जेवण थंड ठेवा, घर थंड राहील. मालनचा हात त्यांनी धरला नाही. तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

आणि घर खरोखरच थंड झालं. वर्षभरात आवाज खाली आले. खंडोजी अधूनमधून भडकत, पण त्याला जोडीचं उत्तर मिळेनासं झालं आणि भडका तिथंच बसू लागला. सासूबाई जन्मभर त्या पंडितांचं नाव घेत राहिल्या.

मालनबाईंनाही ते निदान मनापासून आवडलं होतं. नवऱ्याच्या तोंडून काही वेडंवाकडं आलं की त्या स्वतःशी म्हणत, हे हे नव्हेत, हे यांचं पित्त आहे. पित्ताशी काय भांडायचं? त्याला ताक द्यायचं.

निवृत्तीनंतर मात्र खंडोजींचं अंग बिघडू लागलं. झोप लागेना. पोट साफ होईना. नडग्यांची कातडी सुकून तिची साल निघायची, गुडघे उठता बसता वाजायचे, आणि पाय असे गार पडायचे की मोज्यांवर मोजे घालावे लागत. याचं कारण खंडोजींच्या लेखी एकच होतं. साऱ्या बेंगळुरात तोंड आलं, केस गळले, डोळे चुरचुरले की माणसं म्हणतात, हीट झालीय. खंडोजींना तर ती जन्माचीच होती. वयानं वाढली असणार. म्हणून त्यांनी थंडावा दुप्पट केला. रोज सकाळी शहाळं, दुपारी दोन पेले ताक, आणि भर थंडीत टाळूवर एरंडेल.

स्मृतीनं वैद्य शोधून काढली. येलहंका न्यू टाउनमध्ये औषधाच्या दुकानावर तिचा दवाखाना होता. नाव डॉक्टर शिवलीला, गाव निपाणीकडचं, मराठी चांगलं बोलणारी. खंडोजी सहज तयार झाले. मराठीत बोलता येईल हे एक, आणि दुसरं म्हणजे आपल्या पित्ताची कुणीतरी नव्यानं दखल घेणार याचं त्यांना बरंही वाटलं. जाताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

डॉक्टर शिवलीलेनं त्यांची नाडी पाहिली. मग जीभ, नखं, तळवे पाहिले, पोट दाबून पाहिलं, आणि बारीकसारीक प्रश्न विचारत राहिली. लहानपणी अंगकाठी कशी होती, भूक रोज एका वेळेला लागते की कधीही, बोलणं भरभर की सावकाश, झोप गाढ की तुटक, थंडी आवडते की ऊन. खंडोजी उत्तरं देत होते, पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी आठवण करून देत होते, की आपली प्रकृती उष्ण आहे.

"पित्त कुठं दिसंना झालंय मला, काका," शेवटी ती म्हणाली. "हा वात आहे. आणि आत्ताचा नव्हे, जन्माचाच दिसतोय. वयानं वाढलाय इतकंच. जेवता काय तुम्ही?"

उत्तर मालनबाईंनी दिलं. दुधी, पडवळ, कोहळा. त्या सांगत गेल्या तसा डॉक्टरचा लिहिणारा हात हळू झाला आणि थांबला.

"किती वर्षं?"

"लग्नापासून."

डॉक्टर हसली नाही, याचं मालनबाईंना नंतर फार बरं वाटलं. ती एवढंच म्हणाली, की थंड शरीराला आपण थंडच घालत आलो, म्हणून हे सगळं सुकलंय आणि अडलंय. आता ऊन ऊन जेवायचं. तूप, लसूण, सुंठ, तीळ, हुरळीचं सारू. अंगाला कोमट तिळाचं तेल. एरंडेल डोक्यावर नको.

खंडोजी ऐकत होते. त्यांच्या कपाळावरची शीर मालनबाईंना ओळखीची होती, त्या तिच्यावर नजर ठेवून होत्या. पण आवाज आला तो वेगळाच, थोडा विनवणीचा.

"मग राग? माझा राग सगळ्या फॅक्टरीला ठाऊक होता."

"राग वाताचाही असतो, काका. वाऱ्यासारखा. भडकतो आणि घटकेत जातो. ज्याला आला तो विसरूनसुद्धा जातो. पित्ताचा वेगळा. तो बसून राहतो."

निघायच्या वेळी स्मृतीनं हट्ट धरला, की आता आलोच आहोत तर आईंनाही तपासा. मला काय झालंय, असं म्हणत मालनबाईंनी हात पुढे केला. डॉक्टरनं तो बराच वेळ धरून ठेवला. भुकेचं विचारलं. भूक ठरल्या वेळी लागायची, आणि जेवण लांबलं तर कपाळ दुखायचं. घाम? येतो. शाल? या थंडीतही लागत नाही. केस पिकले कधी? तिशीच्या आतच. ऐकलेलं लक्षात राहतं का, या प्रश्नाचं उत्तर स्मृतीनं दिलं. साऱ्या नात्यातल्या बारशांच्या आणि लग्नांच्या तारखा आईंना पाठ आहेत, असं ती म्हणाली.

डॉक्टर शिवलीलेला आता हसू आवरलं नाही.

"पित्त इथं आहे की. औषध बरोबर होतं, माणूस चुकला. पण एका पातेल्यातलं जेवलात म्हणून तुम्हाला लागू पडलं, काकू. तुम्ही तेच चालू ठेवा, मानवलंय तुम्हाला." मग तिनं कागद पुढे ओढत सहज विचारलं, "राग येतो?"

"नाही," मालनबाई म्हणाल्या.

डॉक्टर लिहू लागली. खोलीत कुणी काही बोललं नव्हतं, तरी मालनबाई पुन्हा म्हणाल्या, "मला नाही येत."

रिक्षानं रेल्वेचा पूल ओलांडला. तसं खंडोजींचं सुरू झालं. परवाची पोर. पंडितांनी नुसता हात धरून ओळखलं होतं, हिला पानभर प्रश्न लागले. ज्याला ज्ञान असतं तो प्रश्न विचारत नाही. आणि मालनच्या नाडीत म्हणे पित्त. खंडोजी एवढ्यावर हसले आणि मालनबाईंकडे वळून म्हणाले, ऐकलंस ना, तू उष्ण. मालनबाई बाहेर बघत राहिल्या. खंडोजींना राग आला नव्हता, ते दुखावले होते, हे त्यांना कळत होतं. उतारवयात कुणी येऊन सांगावं की तुमचं आडनाव हे नव्हेच, तसं काहीतरी त्यांचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडोजींनी मुद्दाम दोन शहाळी पिऊन घेतली. दुपारी ते दोन पांघरुणांखाली कुडकुडत पडले होते. मालनबाईंनी त्यांच्या पायांना हात लावून पाहिला, आणि पिशवी घेऊन बाजारात गेल्या.

जुन्या येलहंक्याच्या बाजारात यल्लव्वा त्यांची ठरलेली भाजीवाली होती. मालनबाई दिसल्या की ती न विचारता दुधी पुढे करी. त्या दिवशी मालनबाईंनी लसूण मागितला, तेव्हा तिनं घरी पाहुणे आलेत का विचारलं. मालनबाई हो म्हणाल्या. पुढच्या दुकानातून त्यांनी तीळ, सुंठ आणि हुरळी घेतली आणि सगळं पालेभाजीखाली झाकून आणलं.

लसूण सोलायला बसल्यावर पहिल्या पाकळीचाच वास बोटांना लागला आणि त्यांना आईची बरणी आठवली. कोलारहून आई दर उन्हाळ्यात लसणाचं लोणचं पाठवायची. मुलीला आवडतं म्हणून. जावयाला चालत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मालनबाईंनी सांगू दिलं नव्हतं. मालनबाई ती बरणी माडीवर ठेवून दुपारी एकट्याच चाखायच्या. एका वर्षी खंडोजींना ती सापडली. ते चिडले नाहीत, चांगल्या मूडमध्ये होते. घरात हीट नको म्हणून त्यांनी ती शेजारच्या घरी नेऊन दिली, आणि परत येऊन सांगितलं की मंडळी फार खूश झाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आई राहिली नव्हती. शेजारणीनं बरणी परत केली ती धुऊनच. मालनबाईंनी तरी ती पुन्हा धुतली होती, आणि झाकण काढून नाकाशी धरली होती. काहीच वास राहिला नव्हता.

त्या दिवसापासून घरात दोन पातेली चढू लागली. खंडोजींच्या दुधीत तुपात परतून वाटलेला लसूण जाई. रात्रीच्या दुधात सुंठ. हुरळीचं सारू मुगाचं म्हणून वाढलं जाई. टाळूवर एरंडेल लावण्याऐवजी मालनबाई तळपायांना कोमट तिळाचं तेल चोळू लागल्या. एरंडेलच आहे, थोडं ऊन केलंय, असं त्यांनी सांगितलं. कारखान्यात लोखंडाच्या तुकड्याकडे नुसतं बघून त्याचं माप सांगणाऱ्या माणसाला एरंडेल आणि तिळाच्या तेलाचा वास वेगळा कळू नये, याचं त्यांना नवल वाटे. पण ताटात काय पडतं याकडे खंडोजींनी कधी पाहिलं नव्हतं. पाहावं लागलंच नव्हतं.

खंडोजी सुधारत गेले. झोप लागू लागली, पायांतले मोजे सुटले, नडग्यांना चकाकी आली. आणि जसजसे ते सुधारले तसतशी त्यांची छाती फुगू लागली. बघा, म्हणत, थंडावा शेवटी हाडापर्यंत पोचला. धीर धरावा लागतो. ती पोर मला लसूण खा म्हणत होती, खाल्ला असता तर आज जळून गेलो असतो. हे त्यांनी अभिराजला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, फोनवर भाच्याला सांगितलं. स्मृतीला सगळं ठाऊक होतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती आणि मालनबाई स्वयंपाकघरात तोंडावर पदर आणि ओढणी धरून हसल्या होत्या.

दुसऱ्यांदाही हसल्या. नंतर स्मृती हसली, मालनबाई हसल्या नाहीत.

त्यांना काय होतंय ते त्यांचं त्यांनाच समजेना. एका दुपारी आपल्या वाटचा दुधी बाजूला ठेवून त्यांनी खंडोजींच्या पातेल्यातलं सारू वाडग्यात घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायल्या. जिभेला चटका बसला, कानशिलं तापली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. डॉक्टरनं त्यांना जुनंच चालू ठेवायला सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. लक्षात असूनच त्या पीत होत्या. लसणामुळे म्हणा किंवा दवाखान्यात जे ऐकलं त्यामुळे म्हणा, पण आजवर जे जागच्या जागी पडून होतं ते हलू लागलं होतं. भाजी चिरताना मधेच माहेरच्या धाकट्या भावाचं लग्न डोळ्यांसमोर येई. मांडवात कुणीतरी खंडोजींना मागच्या रांगेत बसवलं म्हणून ते उठले होते, आणि ती दोघं न जेवता कोलारच्या बसस्टँडवर येऊन बसली होती. बसमध्ये मालनच्या केसांत अबोलीचा गजरा होता. अर्ध्या वाटेत खंडोजी सगळं विसरले आणि त्यांनी खिडकीतून शेंगा घेऊन तिच्या ओंजळीत घातल्या. तिनं त्या खाल्ल्या होत्या. पित्त आहे, काय करणार, असं म्हणत खाल्ल्या होत्या.

पित्त नव्हतं. मग ते काय होतं?

असं काही आठवलं की त्यांचा डाव पातेल्यावर जरा जोरात आपटे. खंडोजी बाहेरून विचारत, काय पडलं? काही नाही, असं त्या सांगत.

रविवारी दुपारी खंडोजींचा चुलतभाऊ विद्याधर आला. देवनहळ्ळीजवळच्या नव्या लेआउटमध्ये त्यानं घर बांधलं होतं आणि वास्तूचं आमंत्रण द्यायला तो फिरत होता. अभिराज आणि स्मृती बाहेर गेले होते. मालनबाईंनी दोघांना जेवायला बसवलं. विद्याधर जेवणाची तारीफ करू लागला. अण्णा, तुमच्याकडचं पथ्याचं जेवण म्हणून मी दर वेळी भीत भीत बसतो, पण आज स्वल्प का होईना, चव आहे, असं तो म्हणाला. खंडोजी खुलले. त्यांनी त्याला पित्ताची सगळी कथा ऐकवली. पंडित, मग ती निपाणीची पोर, मग आपला निश्चय. विद्याधरलाही ॲसिडिटीचा त्रास होता, त्यामुळे तो मन लावून ऐकत होता.

"आणि ती बाई म्हणते, पित्त हिच्यात आहे," खंडोजी म्हणाले. "हिच्यात. पस्तीस वर्षांत हिला कधी रागावलेली पाहिलीय का कुणी? हिच्या वाटचं पित्तसुद्धा देवानं माझ्यातच घातलंय. हिला काय, सुखी जीव. हिला काही लागतच नाही."

विद्याधर हसला आणि म्हणाला, "वहिनी म्हणजे शांत."

मालनबाई सारूचं पातेलं घेऊन त्याच वेळी बाहेर आल्या होत्या. त्यांनी विद्याधरच्या वाटीत वाढलं. मग खंडोजींच्या वाटीत वाढलं. पातेलं टेबलावर ठेवलं आणि डाव त्यात सोडून दिला.

"ही हुरळी आहे," त्या म्हणाल्या. "मूग नव्हे. भाजीत लसूण आहे. रात्रीच्या दुधात सुंठ असते, पायाला लावते ते तिळाचं तेल. महिना झाला. तुम्हाला बरं वाटलं ते त्यानं. थंडाव्यानं नव्हे."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण तो स्वतःच्याच कानांना त्यांना अनोळखी वाटला.

विद्याधरचा घास हातात राहिला. त्यानं लहानपणी या घरातली जुनी जेवणं पाहिली होती. नकळत त्यानं आपलं ताट जरा स्वतःकडे ओढून घेतलं. खंडोजी वाटीकडे बघत होते. मग त्यांनी सारूत बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, आणि पहिल्यांदाच चव घेतल्यासारखे थांबले. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. मालनबाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

"सरी. बरं," एवढंच खंडोजी म्हणाले, आणि जेवू लागले.

विद्याधरनं उरलेलं घाईघाईनं संपवलं. अजून दोन घरी आमंत्रणं द्यायची आहेत, असं सांगून त्यानं हात धुतले. अण्णा, वहिनी, नक्की यायचं, असं तो दोनदा म्हणाला. खंडोजी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. बाहेर स्कूटर सुरू होऊन लांब गेली, तरी फाटक लागल्याचा आवाज आला नाही. मालनबाई टेबलाशी उभ्या होत्या. एरवी त्यांनी एव्हाना ताटं उचलली असती. आज त्या ताटांना त्यांनी हात लावला नव्हता.

खंडोजी आत आले, खुर्चीवर बसले आणि बोलायला लागणार तोच वायुदलाच्या तळावरून विमान उठलं. येलहंक्याची माणसं विमान गेल्याशिवाय पुढचं वाक्य बोलत नाहीत. आवाज छपरावरून गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"कधीपासून?" खंडोजींनी विचारलं.

"महिना झाला. सांगितलं की आत्ताच."

"लसणाचं नाही विचारत मी."

मालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. या चेहऱ्यावर आता काय उमटेल हे आधी ओळखायचं, आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायचं, ही त्यांची जन्माची सवय होती. आज खंडोजी त्यांच्या चेहऱ्याकडे तसे बघत होते. जपून, अंदाज घेत. त्यांचा एक हात टेबलाच्या कडेवर होता आणि अंगठा कड पुन्हा पुन्हा चाचपत होता.

"सांगायचं तर पुष्कळ आहे," मालनबाई म्हणाल्या. "मधे उठायचं नाही."

"नाही उठत."

"विसरून गेलो, असंही म्हणायचं नाही."

खंडोजींचा अंगठा टेबलाच्या कडेवर थांबला. मग त्यांनी मान हलवली.

मालनबाईंनी विद्याधरची खुर्ची मागे ओढली आणि बसल्या. त्यांच्या जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती, कपाळ ठणकू लागलं होतं.

"आधी जेवते," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय मला."

खंडोजी उठून स्वयंपाकघरात गेले. आत भांड्यांचा बराच आवाज झाला. त्यांना स्वच्छ ताट कुठं असतं ते ठाऊक नव्हतं. शेवटी एक ताट आणि वाटी घेऊन ते आले, ती मालनबाईंसमोर मांडली आणि पातेलं त्यांच्याकडे सरकवलं. मग समोर बसून ते त्यांचं जेवण व्हायची वाट बघत राहिले.